अंगावर पांढरे जाणे : लाज कशाची आणि काळजी कशाची?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी स्त्रियांना उपयोगी पडेल असा एखादा लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि मी हा विषय कळवला. त्यावर थोडी कुजबुज झाली, असे कानावर आले. स्मरणिका घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती पडते, लग्नाच्या मुली ती वाचतात, देणगीदारांची छायाचित्रे तिच्यात असतात. अशा पुस्तकात हा विषय शोभेल काय, असा प्रश्न निघाला. प्रश्न गैर नव्हता. तरीही मंडळाने होकार दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

हाच विषय का निवडला, ते आधी सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रजननसंस्थेचा धडा आला की फळ्यावर आकृती काढते, मुली माना खाली घालून ती वहीत उतरवतात आणि परीक्षेत भाग अचूक दाखवतात. ज्या वर्षी तो धडा मी विशेष मन लावून शिकवला, त्याच वर्षी माझी सख्खी खाला घरात रोज रात्री उशिरा उठून आपले कपडे वेगळे धूत होती. तिची पाळी बंद होऊन आठ वर्षे झाली होती. अंगावरून पाण्यासारखे, दुर्गंधीचे, मधूनमधून लालसर असे काही जात होते. नमाजासाठी तिने एक जोड वेगळा ठेवला होता. आम्हाला ती एवढेच सांगे, "कंबर धरते गं." मी तिला कमरेला लावायचे मलम आणून देत असे. असे चौदा महिने गेले. पाय सुजले तेव्हा तिला दवाखान्यात नेले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बराच पुढे गेला होता. ती वाचली नाही. मी विज्ञानाची पदवीधर, आणि तिची भाची. मला तिने सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

एक गोष्ट, अनेक नावे

आपल्या बेळगावात एकाच गल्लीत तीन-चार भाषा नांदतात आणि या तक्रारीला प्रत्येकीत नाव आहे. मराठी घरात 'अंगावर पांढरे जाणे' किंवा 'धुपणी' म्हणतात, कानडी शेजारीण 'बिळी मुट्टू' म्हणते, आमच्याकडे 'सफेद पानी' म्हणतात. वैद्य 'श्वेतप्रदर' लिहितात, हकीम 'सैलानुर्रहम' लिहितात आणि डॉक्टर 'ल्यूकोरिया' म्हणतात. नावे इतकी आहेत, याचाच अर्थ तक्रार सर्वांच्या घरी आहे. परंतु या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी जमा झाल्या आहेत: एक, जी मुळी आजार नाही, दुसरी, जी साध्या औषधाने बरी होते, आणि तिसरी, जिच्यात उशीर जिवावर बेततो. या तिन्ही वेगळ्या ओळखता येणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही तक्रार किती सार्वत्रिक आहे, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा वृत्तांत १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी विकार होता; परंतु त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ ८ होत्या. जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष त्या आकड्यांनी वेधून घेतले. ते गडचिरोलीचे होते. पण तपासणीचा संकोच केवळ तेथेच आहे, असे कोणी समजू नये.

आजार नसलेला स्राव

डोळ्यांत जशी ओल असते, तोंडात जशी लाळ असते, तशीच योनिमार्गात ओल असते. ती असावीच लागते. पाळी येणाऱ्या वयातील निरोगी स्त्रीला दिवसाकाठी साधारण एक ते चार मिलिलिटर स्राव होतो, म्हणजे चहाचा चमचाही जेमतेम भरेल. तो पांढरट किंवा पारदर्शक असतो, त्याला घाण वास नसतो आणि त्याने खाज किंवा आग होत नाही. कपड्यावर वाळल्यावर त्याचा फिकट पिवळसर डाग दिसतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

महिन्याभरात याचे रूप बदलते. दोन पाळ्यांच्या मध्यावर बीज सुटण्याच्या सुमारास तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, निसरडा आणि ताणला जाणारा होतो. पाळी जवळ आली की दाट होतो. गरोदरपणी तो वाढतो. मुलीला पहिली पाळी येण्याआधी काही महिने असा स्राव दिसू लागतो. तो वयात येण्याचा संकेत आहे. नुकत्याच जन्मलेल्या मुलीलाही पहिल्या काही दिवसांत थोडा पांढरा स्राव, कधी रक्ताचा एखादा ठिपकासुद्धा दिसतो. आईच्या शरीरातील संप्रेरकांचा तो उरलेला परिणाम असून आपोआप थांबतो. आजी घाबरून जाते आणि बाळाला 'दृष्ट लागली' म्हणते. तिला एवढे समजावून सांगितले तरी पुष्कळ झाले.

विरजणाची गोष्ट

या ओलीचे काम काय, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरात चला. दुधाला विरजण लावले की त्यातील सूक्ष्म जंतू दुधातील साखर खाऊन आम्ल तयार करतात, दही आंबट होते आणि नासके जंतू त्यात सहजी शिरत नाहीत. 'लॅक्टोबॅसिलस' या दह्यातल्या जंतुकुळातलेच काही जंतू योनिमार्गात वस्तीला असतात. तेथील पेशींतील साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल बनवतात आणि तो मार्ग किंचित आंबट ठेवतात. शाळेत आपण आम्लता सामू या मापाने मोजतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, तर निरोगी योनिमार्गाचा ३.८ ते ४.५ यांच्या दरम्यान असतो. हा आंबटपणा म्हणजे दारावरचा पहारेकरी होय. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने हे जंतू १८९२ साली वर्णन केले. सर्वच जंतू वैरी नसतात, ही गोष्ट तेव्हापासून माहीत आहे. आपल्या न्हाणीघरापर्यंत मात्र ती अजून पोहोचलेली नाही.

कारण आपल्याकडे 'स्वच्छता' म्हणून पुष्कळजणी आतून धुतात. साबण, जंतुनाशकाचे पाणी, तुरटी, लिंबू असे काय काय वापरले जाते. त्याने पहारेकरी वाहून जातात आणि चोरांना दार मोकळे होते. सोवळ्याच्या कल्पनेने काहीजणी हे करतात, पाकीच्या कल्पनेने आमच्यातल्याही काहीजणी करतात. गुसलमध्ये आतपर्यंत पाणी घालण्याची अट नाही, हे मला माझ्या आजीने शिकवले होते आणि विज्ञानाचेही सांगणे तेच आहे. बाहेरून साध्या पाण्याने धुवावे. आतील भाग आपली स्वच्छता आपणच राखतो. विरजणाचा दाखला दिला म्हणून कोणी दही आत लावू नये, एवढेही येथेच सांगून ठेवते.

तीन नेहमीचे विकार

स्रावाचा रंग, वास किंवा दाटपणा नेहमीपेक्षा बदलला, सोबत खाज, आग किंवा दुखणे आले, म्हणजे काही बिघडले असे समजावे. बहुतेक वेळा पुढील तिन्हींपैकी एक कारण निघते.

पहिला विकार जंतूंचा तोल बिघडल्याचा. वर सांगितलेले पहारेकरी कमी होतात आणि इतर जंतू माजतात. स्राव पातळ, राखी-पांढरा असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो; पाळीनंतर किंवा पतीशी संबंध आल्यानंतर हा वास अधिक जाणवतो. खाज सहसा फार नसते. डॉक्टर याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. गरोदरपणी हा विकार असल्यास दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची भीती वाढते. म्हणून त्या काळात वास आल्यास बोलावेच.

दुसरा विकार बुरशीचा, म्हणजे कॅन्डिडाचा. स्राव फुटलेल्या दुधासारखा किंवा चक्क्यासारखा दाट आणि गुठळीदार असतो, वास नसतो. परंतु खाज अशी सुटते की झोप लागत नाही. बाहेरचा भाग लाल होतो, लघवी करताना आग होते. गरोदर स्त्रिया, मधुमेही स्त्रिया आणि इतर आजारासाठी ॲन्टिबायोटिक गोळ्या घेतलेल्या स्त्रिया यांना हा विकार लवकर होतो. वर्षातून तीन-चार वेळा बुरशी उलटत असेल तर रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. कितीएकींचा मधुमेह प्रथम या खाजेनेच उघडकीस येतो.

तिसरा विकार ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय जीवाचा. स्राव पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ असतो. वास, खाज आणि आग ही तिन्ही असू शकतात. हा संबंधांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुरुषाला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून पत्नी औषध घेते, बरी होते आणि महिन्याभरात पुन्हा आजारी पडते. या विकारात पती-पत्नी दोघांनीही एकाच वेळी औषध घेतले पाहिजे आणि ते पूर्ण होईपर्यंत संबंध टाळले पाहिजेत.

पहिल्या आणि तिसऱ्या विकारावर मेट्रोनिडाझोल या वर्गातील गोळ्या चालतात. बुरशीवर क्लोट्रिमाझोलसारखी आत ठेवण्याची गोळी किंवा पोटात घेण्याचे औषध देतात. पोटात घेण्याचे ते औषध गरोदर स्त्रीला सहसा देत नाहीत. म्हणून दिवस असल्यास, किंवा तशी शंका जरी असली तरी, डॉक्टरांना आधी सांगावे. ही औषधे महाग नाहीत आणि सरकारी दवाखान्यांत मिळतात.

वर्णन वाचून कोणी आपणच निदान करू नये, ही मात्र आग्रहाची विनंती आहे. नुसत्या लक्षणांवरून अनुभवी डॉक्टरांचाही अंदाज चुकतो; दोन विकार एकत्रही असतात. डॉक्टर स्रावाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्टीने आम्लता पाहतात. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशीच ती पट्टी, सामू ४.५ च्या वर गेला तर बुरशीपेक्षा इतर दोन विकारांकडे संशय वळतो. पाच मिनिटांचे काम आहे.

आत खोलवर गेलेला रोग

वरील तिन्ही विकार योनिमार्गाचे. परंतु गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे संसर्ग गर्भाशयाच्या मुखाला धरतात आणि तेथून वर चढतात. पुवासारखा स्राव, ओटीपोटात दुखणे, ताप, संबंधांच्या वेळी दुखणे ही त्यांची लक्षणे होत. क्लॅमिडियात तर पुष्कळदा काहीच लक्षण नसते. वेळीच उपचार न झाल्यास बीजवाहक नळ्या चिकटतात. मग मूल होत नाही, किंवा गर्भ नळीतच राहतो आणि जिवावरचे संकट ओढवते. मूल होत नाही म्हणून सून नवस करत फिरते, सासरची बोलणी ऐकते आणि मूळ मात्र काही वर्षांपूर्वी उपचाराविना राहून गेलेल्या या साध्या संसर्गात असते, असेही घडते. म्हणून स्रावासोबत ओटीपोटात दुखत असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

'हाडे झिजतात' ही समजूत

पांढरे गेले की हाडे झिजतात, ताकद वाहून जाते, अशी समजूत घरोघरी आहे. माझी आईही असेच म्हणे. स्रावात पाणी, चिकट द्रव्य आणि गळून पडलेल्या पेशी असतात. हाडातले त्यात काहीही नसते. मग अशक्तपणा येतो तो कोठून? कंबर भरून येते, चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, हे काही खोटे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५७ स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. सर्वांच्या शेवटी जेवायचे आणि उरलेले खायचे, हा आपला नेम. त्यातच पाळीतील रक्तस्राव आणि लागोपाठची बाळंतपणे. थकवा रक्ताच्या कमतरतेचा असतो आणि दोष मात्र पांढऱ्यावर जातो. कधी मनावरचा भार बोलून दाखवता येत नाही, तेव्हाही स्त्री 'पांढरे जाते' एवढेच म्हणते. ऐकणाऱ्याने तेही ओळखावे. हिमोग्लोबिनची तपासणी करून लोहाच्या गोळ्या घेतल्या तर ताकदीच्या महागड्या बाटल्यांचे पैसे वाचतील.

न करण्याच्या गोष्टी

भिंतीवर आणि बसस्थानकावर 'गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज' अशा पाट्या दिसतात. तिकडे फिरकू नये. खाज येते म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणू नये. त्या मिश्र मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. खाज दोन दिवस दबते, कातडी पातळ पडते आणि बुरशी आणखी पसरते. गोळ्यांचा दिलेला क्रम अर्धवट सोडू नये. जावेची उरलेली गोळी घेऊ नये.

करण्याच्या गोष्टी सोप्या आहेत. शौचानंतर पुढून मागे धुवावे, मागून पुढे नव्हे. आतले कपडे सुती आणि सैल असावेत. पाळीचे कापड वापरत असाल तर ते स्वच्छ धुऊन उघड्या उन्हात वाळवावे. लाजेखातर ते परकराखाली, माळ्यावर किंवा पलंगाच्या मागे लपवून ओलसरच राहू देतात. त्यापेक्षा दोरीवर वाळत घातलेले चार लोकांनी पाहिले तरी चालेल.

'पिशवी काढून टाका'

या तक्रारीतून निघणारा एक फसवा मार्ग वेगळा सांगितला पाहिजे. "पांढरे जाते? गर्भपिशवी खराब झाली. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," असे सांगणारे भेटतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर झाल्याचे उघडकीस आले आणि २०१९ साली महाराष्ट्र शासनाला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. आपल्याही भागात उसाचे मळे आहेत, तोडणीच्या टोळ्या येतात. म्हणून ही गोष्ट परकी मानू नये.

साध्या स्रावावर शस्त्रक्रिया हा उपाय नाही. विशेषतः तरुणपणी गर्भाशयासोबत बीजकोशही काढले तर शरीरातील इस्ट्रोजेन एकाएकी थांबते आणि मग मात्र खरोखरच हाडे ठिसूळ होऊ लागतात. पांढऱ्याने हाडे झिजत नाहीत. ते थांबवण्यासाठी केलेल्या नको त्या शस्त्रक्रियेने झिजतात. शस्त्रक्रिया कधीच लागत नाही असे नाही. परंतु कोणी ती सुचवली तर नेमका रोग कोणता, तो कोणत्या तपासणीत दिसला, हे विचारावे, कागद मागून घ्यावेत आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून सही करू नये.

लहान मुलगी, बाळंतीण आणि वयस्क स्त्री

पाळी न आलेल्या लहान मुलीला दुर्गंधीचा किंवा रक्तमिश्रित स्राव होत असेल तर तिला रागावू नये. कधी जंतांची खाज असते, कधी धुण्यातील हयगय, कधी खेळताना आत गेलेला मणी किंवा कागदाचा बोळा. परंतु कोणी तिच्याशी वाईट वर्तन केले असण्याचीही शक्यता असते आणि असा मनुष्य बहुधा ओळखीतलाच निघतो. तिला जवळ घेऊन शांतपणे विचारावे, ती सांगेल ते खरे मानावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. अशा गुन्ह्यांसाठी २०१२ चा 'पॉक्सो' कायदा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. घराण्याच्या अब्रूपेक्षा मूल मोठे.

गरोदरपणी एकाएकी पाण्यासारखे जाऊ लागले तर ते पांढरे नसून गर्भजल असू शकते; ताबडतोब दवाखान्यात जावे. बाळंतपणानंतर प्रथम लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरा असा स्राव चार ते सहा आठवडे चालतो आणि तो स्वाभाविक आहे. त्याला दुर्गंधी येऊ लागली आणि ताप भरला, तर मात्र एक रात्रही थांबू नये.

आता वयस्क स्त्रिया. पाळी गेल्यावर आतील अस्तर पातळ आणि कोरडे होते, त्यामुळे थोडा पिवळट स्राव आणि आग होऊ शकते. त्यावर सौम्य मलम मिळते. परंतु पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, किंवा पाण्यासारखा दुर्गंधीचा स्राव सुरू झाला, तर तो कर्करोग नाही असे ठरेपर्यंत तपासणी टाळू नये. संबंधांनंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांमध्ये रक्त दिसणे, यांनाही हाच नियम लागू आहे. माझ्या खालाच्या बाबतीत हे सारे स्पष्ट होते. कोणाला ते सांगायचे, हे मात्र तिला माहीत नव्हते.

२०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक कर्करोग नोंदणीचा अंदाज आहे. यातील दुःखाची गोष्ट अशी की, हा कर्करोग बहुतांशी टाळता येतो. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात. एवढ्या मुदतीत एक-दोनदा जरी तपासणी झाली तरी बिघाड आरंभीच सापडतो आणि थोडक्या उपचाराने निघतो. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना घेऊन एक अभ्यास झाला. एचपीव्हीची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. अशा अभ्यासासाठी खेड्यापाड्यांतील बायका पुढे आल्या. शहरात राहणाऱ्या आपण मागे राहण्याचे कारण नाही.

याहून स्वस्त तपासणीही आहे. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, लावतात. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या धोरणानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. तसेच मुलींना नऊ ते चौदा या वयात एचपीव्हीची लस दिली तर विषाणूला आधीच अटकाव होतो. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यावीच.

डॉक्टरांना काय सांगावे

दवाखान्यात पोहोचूनही पुष्कळजणी 'अशक्तपणा आहे' एवढेच सांगून परत येतात. म्हणून जाण्यापूर्वी कागदावर लिहून न्यावे: किती दिवसांपासून आहे, रंग, वास, दाटपणा कसा आहे, खाज, आग, पोटदुखी, ताप आहे काय, शेवटची पाळी कधी आली, दिवस आहेत काय, तांबी बसवली आहे काय, मधुमेह किंवा चालू औषधे कोणती. बोलवत नसेल तर तो कागदच पुढे करावा. तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका किंवा बरोबरची सोबतीण आत असावी, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. लग्न न झालेल्या मुलीने तसे आधी सांगावे. तिची तपासणी वेगळ्या रीतीने करता येते.

पुरुष वाचक येथपर्यंत आले असतील तर त्यांना दोन शब्द. घरातील स्त्री या कारणाने दवाखान्यात जाते म्हणाली तर तिच्या चारित्र्याविषयी शंका घेऊ नये. बुरशी आणि जंतूंचा बिघडलेला तोल हे विकार कोणाच्या वागण्याचा पुरावा नव्हेत. औषध दोघांनी घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले तर मुकाट्याने घ्यावे. तिच्याबरोबर जावे, बाहेरच्या बाकावर बसावे आणि तपासणीचे पैसे न कुरकुरता द्यावेत. औषधांइतकेच हेही उपयोगी पडते.

ट्रस्टला एक विनंती

पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने विद्यार्थ्यांना वह्या, गरजूंना मदत आणि मंगलकार्यांसाठी सभागृह दिले. आता त्याच सभागृहात वर्षातून एक दिवस स्त्री डॉक्टर बोलवावी. एक टेबल, एक पडदा, एक चांगला दिवा आणि हात धुण्यास पाणी, एवढेच साहित्य लागेल. तिशीपुढील सभासद स्त्रियांची तपासणी, सर्वांचे हिमोग्लोबिन, मुलींच्या आयांना लसीची माहिती. पुरुषांनी त्या दिवशी सभागृहाच्या बाहेर थांबून चहापाण्याची व्यवस्था पाहावी. नाव नोंदवण्याचे काम मी आनंदाने करीन. पहिले नाव माझे लिहीन, म्हणजे दुसरीला लिहिताना जड जाणार नाही.

आणि तोपर्यंत प्रत्येकीने एक काम करावे. आज रात्री भांडी आवरून झाल्यावर घरातील सर्वांत वयस्क स्त्रीजवळ घटकाभर बसावे आणि तिला विचारावे, "अंगावर काही जाते का?" ती आधी 'नाही' म्हणेल. थोडे थांबून पुन्हा एकदा विचारावे.